दिसायला सख्खे, जन्माने परके

जपानी पाहुण्याला चहा विचारायचा तर म्हणायचे, ‘ओचा ओ नोमिमासु का?’ ‘ओचा’ म्हणजे चहा. त्यातला ‘ओ’ आदरार्थी. मधला सुटा ‘ओ’ ही कर्माची खूण. ‘नोमिमासु’ हे पिण्याचे क्रियापद. आणि शेवटचा ‘का’ म्हणजे आपलाच ‘का’: चहा पिता का? शब्दांचा क्रमसुद्धा तोच, आधी कर्म, मग क्रियापद आणि सर्वांत शेवटी प्रश्नाचा ‘का’. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि असे वाक्य समोर आले की मराठी विद्यार्थ्याला ती परकी भाषा एकदम घरची वाटू लागते.

या वाक्यात मराठीशी जुळणारे शब्द दोन. त्यांतल्या एकाचे मराठीशी खरेच नाते आहे, दुसऱ्याचे काडीइतकेही नाही. नाते आहे ते चहाचे. चीनमध्ये या झुडपासाठी लिपीत चिन्ह एकच, पण उच्चार प्रांतागणिक वेगळा. बऱ्याच भागांत ते ‘चा’ असे वाचतात, फुजिआनच्या किनाऱ्यावर ‘ते’. डच व्यापाऱ्यांनी किनाऱ्यावरचा ‘ते’ युरोपात नेला, म्हणून इंग्रजांचा ‘टी’ आणि फ्रेंचांचा ‘ते’. ‘चा’ मात्र जपानात गेला, फारसीत गेला, रशियात ‘चाय’ झाला, पोर्तुगीजांनी उचलला आणि आपल्याकडे ‘चहा’ होऊन बसला. तेव्हा ‘चहा’ आणि ‘टी’ कानाला कितीही वेगळे लागले तरी मुळात ते एकाच चिनी शब्दाचे दोन उच्चार आहेत.

‘का’ची गोष्ट उलटी आहे. जपानी ‘का’ हे प्रश्नार्थक अव्यय आठव्या शतकातल्या जपानी काव्यातही सापडते. ते तिथलेच, तिथेच वाढलेले. मराठी ‘का’ हा एका भल्यामोठ्या घराण्यातला. काय, कोण, कुठे, केव्हा, किती, कसा, कशाला: प्रश्न विचारायला तोंड उघडले की मराठी माणसाच्या जिभेवर ‘क’ येतो. संस्कृतात कः, किम्, कुत्र, कदा. रशियनमध्ये कोण म्हणजे ‘क्तो’, कसे म्हणजे ‘काक’, केव्हा म्हणजे ‘कग्दा’. लॅटिनमध्ये कोण म्हणजे ‘क्विस’, आणि इंग्रजीत ‘हू’, ‘व्हॉट’, ‘व्हेअर’, ‘व्हेन’. इंग्रजी शब्द या पंगतीत कसे बसले, हा प्रश्न साहजिक आहे. जुन्या इंग्रजीत ‘हू’चा उच्चार ‘ह्वा’ आणि ‘व्हॉट’चा ‘ह्वॅट’ असा होता, आणि जिथे लॅटिनमध्ये ‘क्व’ आहे तिथे जर्मानिक भाषांत ‘ह्व’ येतो, हे एका शब्दात नाही, शब्दामागून शब्दात दिसते. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये अशा बदलांची मांडणी केली. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला तो हाच.

या नियमाचा माझा आवडता पुरावा प्रश्नार्थक शब्दांतला नाही, चाकातला आहे. संस्कृत ‘चक्र’, ग्रीक ‘कुक्लोस’, जुने इंग्रजी ‘ह्वेओल’. तिन्हींचे मूळ एक. ‘चक्र’ झिजून मराठीत ‘चाक’ झाले, ‘ह्वेओल’चे इंग्रजीत ‘व्हील’ झाले, आणि ‘कुक्लोस’ लॅटिन-फ्रेंच मार्गाने ‘सायकल’ या शब्दात येऊन बसले. ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो; मधे फक्त काही हजार वर्षे आहेत.

म्हणजे मराठी ‘का’शी हुबेहूब जुळणारा जपानी ‘का’ परका, आणि जराही न जुळणारा इंग्रजी ‘व्हॉट’ भाऊबंद. व्युत्पत्तीशास्त्रात असे सतत घडते.

आखूड शब्दांच्या बाबतीत ते जास्त घडते, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. एखाद्या भाषेत २० व्यंजने आणि ५ स्वर धरले तर एक व्यंजन आणि एक स्वर मिळून होणारी अक्षरे १००. म्हणजे एकाक्षरी शब्द फार तर १००, दोन अक्षरी १० हजार, तीन अक्षरी १० लाख. जगात सुमारे ७ हजार भाषा बोलल्या जातात आणि त्या प्रत्येकीला होकार, नकार, मी, तू, हा, तो, दे, घे, ये, जा अशा रोजच्या गोष्टींसाठी चिमुकले शब्द लागतात. शंभरेक अक्षरे एवढ्या भाषांत वाटली गेल्यावर कुठे ना कुठे आवाज आणि अर्थ दोन्ही जुळणारच. न जुळते तर नवल. आणि आवाज जुळून अर्थ उलटा निघणे तर त्याहून सोपे. ग्रीसमध्ये ‘ने’ म्हणजे हो. कोरियातही ‘ने’ म्हणजे हो. चेक भाषेत मात्र ‘ने’ म्हणजे नाही, आणि आपल्या ‘ना’चा नातेवाईक या तिघांत तोच एक. जर्मन माणूस ‘या, या’ म्हणतो तेव्हा तो होकार देत असतो. मराठी माणसाला वाटते, आत बोलावतोय.

आवाजही तोच आणि अर्थही तोच, तरी नाते शून्य, याचे भाषाशास्त्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलंडच्या उत्तरेला, केर्न्स शहराच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात म्बाबारम नावाची आदिवासी भाषा होती. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे अभ्यासक १९६० च्या दशकात तिचे उरलेसुरले शब्द टिपून घेत होते. त्या भाषेत कुत्र्याला काय म्हणतात? ‘डॉग’.

कुणालाही वाटेल, इंग्रजांकडून उचललेला शब्द. पण आजूबाजूच्या भाषा पाहिल्या की चित्र पालटते. शेजारच्या यिदिञ भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुदगा’. म्बाबारमने आपल्या शब्दांचे पहिले अक्षर, निदान त्यातला आरंभीचा भाग, टाकून दिला होता. इतर भाषांत पोटाला ‘बाम्बा’ म्हणतात, म्बाबारममध्ये नुसते ‘म्बा’. पश्चिम दिशेला इतरत्र ‘गुवा’, म्बाबारममध्ये ‘वो’. या दुसऱ्या शब्दात आणखी एक गोष्ट दिसते: शब्दाच्या सुरुवातीला ‘ग’ असला की पुढच्या अक्षरातला ‘आ’ बदलून ‘ओ’ होतो, आणि मग तो ‘ग’ स्वतः नाहीसा होतो. आता हेच ‘गुदगा’ला लावून पाहा. मधल्या ‘द’वर ‘ओ’ चढला, पुढचे ‘गु’ गेले, शेवटचा स्वर गळला. उरले ‘दोग’. त्या भाषेच्या स्वतःच्या नियमांनी, इंग्रजांशी गाठ पडण्याशी काहीही संबंध नसताना, शब्द तिथे येऊन पोचला.

इंग्रजीकडूनही पाहिले तर हेच. इंग्रजीतला कुत्र्याचा जुना, सर्वसाधारण शब्द ‘हाउंड’. तो जर्मन ‘हुंड’चा भाऊ, लॅटिन ‘कानिस’चा आणि संस्कृत ‘श्वन्’चा चुलतभाऊ. म्हणजे आपला श्वान ‘हाउंड’च्या कुळातला. ‘डॉग’ हा जुन्या इंग्रजीत क्वचितच दिसणारा ‘दोग्गा’सारखा एक शब्द होता, त्याने पुढे ‘हाउंड’ची जागा बळकावली. त्याच्या आधीचा माग लागत नाही.

फारसीतला ‘बद’ आणि इंग्रजीतला ‘बॅड’ ही जोडी मराठी वाचकाला जास्त जवळची. बदनाम, बदफैली, बदमाश हे शब्द आपण फारसीकडून घेतले आणि इतके पचवले की ‘बदलौकिक’सारखा अर्धा फारसी, अर्धा संस्कृत शब्दही मराठीत सुखाने नांदतो. दोन्हीकडे अर्थ वाईट, दोन्हीकडे आवाज जवळजवळ तोच, आणि फारसी व इंग्रजी दोन्ही इंडो-युरोपीय कुळातल्या. इतका पुरावा असल्यावर नाते मान्य करायला हरकत काय? हरकत इतिहासाची आहे. इस्लामपूर्व काळातल्या पहलवीत हा शब्द ‘वद’ असा होता. त्या ‘व’चा पुढे ‘ब’ झाला. इंग्रजीत ‘बॅड’ तेराव्या शतकाच्या सुमारास वापरात दिसू लागतो. त्याआधी वाईटाला ‘इव्हिल’च्या जुन्या रूपाने काम भागत असे. मागे जाऊ तसे दोन शब्द एकमेकांच्या जवळ यायला हवेत, तर नाते खरे. हे दोघे मागे जाताना लांब लांब जातात.

पण ‘बदनाम’चा दुसरा अर्धा भाग बघा. फारसी ‘नाम’, संस्कृत ‘नामन्’, लॅटिन ‘नोमेन’, इंग्रजी ‘नेम’: हे नाते पक्के, कुणीही न नाकारलेले. तेव्हा ‘बदनाम’ आणि इंग्रजी ‘बॅड नेम’ समोरासमोर ठेवले तर पहिला भाग निव्वळ योगायोग आणि दुसरा भाग सख्खा.

आपले ‘नाव’ही त्याच घराण्यातले. पण मराठीत ‘नाव’ दोन आहेत. एक आपल्याला ठेवतात ते, दुसरी पाण्यात चालते ती. चालणारी नाव संस्कृत ‘नौ’ची वंशज, लॅटिन ‘नाविस’ तिची बहीण, आणि इंग्रजांचे नौदल, म्हणजे ‘नेव्ही’, त्या लॅटिन शब्दाचे वारस. ठेवायचे नाव ‘नामन्’पासून आलेले. प्राकृतातून येताना दोन स्वरांमधल्या ‘म’चा अनुनासिक ‘वँ’ झाला. ‘ग्राम’चे गाव झाले तेही असेच. त्या गेलेल्या ‘म’ची आठवण म्हणून जुने लोक ‘नांव’ आणि ‘गांव’ असे अनुस्वार देऊन लिहीत, आणि होडीची ‘नाव’ अनुस्वाराशिवाय. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. लिहिणाऱ्याचे श्रम वाचले हे खरे, आणि मुलांच्या वह्यांवरच्या लाल खुणाही कमी झाल्या. पण त्या टिंबाबरोबर शब्दाच्या कपाळावरची जन्मखूण पुसली गेली आणि दोन वेगळ्या कुळांचे शब्द कागदावर जुळे दिसू लागले. मला त्याची हळहळ वाटते.

असेच जुळे, नव्हे तिळे, म्हणजे ‘पाव’. पाव किलोतला पाव संस्कृत ‘पाद’पासून: चार पायांपैकी एक, म्हणून चौथा हिस्सा. ‘पाऊण’ म्हणजे पाद-ऊन, पावाने उणे. ‘सव्वा’ म्हणजे स-पाद, पावासकट. देव पावतो तो ‘पाव’ निराळा, तो ‘प्राप्’ धातूचा. आणि मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज ‘पांव’ या सानुनासिक शब्दापासून, जो स्वतः लॅटिन ‘पानिस’पासून आला.

या तिसऱ्या पावाबद्दल आपल्याकडे दोन समजुती फार पसरलेल्या आहेत. एक, की तो पायांनी मळतात म्हणून पाव. दुसरी, की लादीचे चार तुकडे होतात म्हणून पाव. दोन्ही समजुतींत मराठीतच आधी असलेला शब्द घेऊन नव्या वस्तूला चिकटवला आहे. लौकिक व्युत्पत्ती अशीच जन्मते: परका शब्द घरातल्या शब्दासारखा ऐकू आला की लोक त्याला घरातली गोष्ट जोडतात. पहिल्या समजुतीने तर पाव भाजणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या नाहक बदनामी केली. खरा पुरावा समुद्रमार्गावर पडलेला आहे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. तिथे आजही पाव भाजणारा तो ‘पोदेर’, पोर्तुगीज ‘पादेइरो’वरून. १५४३ मध्ये ते जपानात पोचले, आणि जपानीत आजही ब्रेडला ‘पान’ म्हणतात. जपानीत ना पाद आहे, ना पावकी. तिथे पाय आणि चौथा हिस्सा दोन्ही गोष्टी लागू पडत नाहीत, तरी शब्द आहे.

‘पानिस’चा आणखी एक वंशज आपल्या इतिहासात ठाण मांडून आहे. लॅटिन ‘कोम’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकर. एका भाकरीचे वाटेकरी ते सोबती. त्या शब्दापासून फ्रेंचमार्गे ‘कंपनी’ झाली. ‘कंपनी सरकार’ या जोडशब्दात कंपनीच्या पोटी पाव आहे, आणि ‘सरकार’मधला ‘सर’ फारसी. त्याचा अर्थ डोके, आणि तो आपल्या ‘शिरा’चा चुलतभाऊ. शाळेत मुले ज्यांना ‘सर’ म्हणतात तो शब्द मात्र इंग्रजी, लॅटिन ‘सेनिओर’पासून, म्हणजे वयाने मोठा. पावसाची सर तर या दोघांनाही ओळखत नाही.

पावाला चीनमध्येही एक तोतया आहे. तिथे वाफवलेल्या, आत सारण भरलेल्या गोळ्याला ‘बाओ’ म्हणतात आणि चिनी उच्चार आपल्या कानाला जवळजवळ ‘पाव’ असा लागतो. अर्थ मात्र गुंडाळणे. पोर्तुगीज पावाशी त्याचा संबंध नाही.

बाबा, मामा, काका, अक्का या शब्दांना या खटल्यात साक्षीला बोलावूच नये. मूल पहिल्यांदा ओठांनी आवाज काढते, त्यात ‘म’, ‘प’, ‘ब’ आधी येतात, आणि भोवतालची मोठी माणसे ते आवाज आपापल्या नात्यांना वाटून घेतात. रोमान याकोबसन यांनी १९६० च्या सुमारास हे नीट मांडले. वाटप कसेही होते. जॉर्जियात ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. आपला मामा आईचा भाऊ. तुर्कीत ‘बाबा’ बाप, आफ्रिकेतल्या स्वाहिलीतही बाप, रशियनमध्ये मात्र बाई किंवा म्हातारी. कोरियन ‘ओम्मा-आप्पा’ आणि तमिळ ‘अम्मा-अप्पा’ हे साम्य कुणालाही भुरळ पाडणारे आहे, आणि होमर हल्बर्ट यांनी १९०५ मध्ये कोरियन व द्रविड भाषांची तुलना करणारे पुस्तकच लिहिले. ते नाते पुढे अभ्यासकांनी मान्य केले नाही.

मग ‘ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय’ अशा निरोपांचे काय करायचे? ते मोबाइलवर आले की पुढे पाठवू नयेत, एवढेच. लॅटिनमध्ये ‘आउस्त्रालिस’ म्हणजे दक्षिणेकडचा. दक्षिणेकडची भूमी म्हणून ऑस्ट्रेलिया, यात गूढ काही नाही. मला अशा निरोपांचा राग येतो तो संस्कृतच्या प्रेमापोटी. तिचे जगातल्या भाषांशी असलेले खरे नाते इतके पक्के आहे की त्याला तोतयांची गरज नाही. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका उगमाच्या असल्याचे सांगितले, आणि तो उगम कदाचित आता उरला नसेल असेही म्हटले. त्यांनी बोट ठेवले ते धातूंवर आणि व्याकरणाच्या रूपांवर, ऐकायला सारख्या वाटणाऱ्या सुट्या शब्दांवर नाही.

सुटा शब्द किती फसवतो ते ‘देव’ सांगेल. लॅटिन ‘देउस’ हा देवाचा खरा भाऊ. ग्रीक ‘थेओस’ लॅटिन ‘देउस’सारखा दिसतो, अर्थही देव, पण त्यांचे रक्त वेगळे. ग्रीक ‘थ’ला शब्दाच्या सुरुवातीला लॅटिनचा जोडीदार ‘द’ नसतो, ‘फ’ असतो. म्हणून ‘थेओस’चे लॅटिन नातेवाईक ‘फेस्तुस’सारख्या सणाच्या शब्दात सापडतात, ज्यापासून पुढे ‘फेस्टिव्हल’ आला. आणि देवाची इंग्रजी भावकी ‘ट्यूजडे’मध्ये आहे: तो वार ‘तीव’ नावाच्या जर्मानिक देवाचा, आणि ‘तीव’ म्हणजे ध्वनिनियमांतून गेलेला ‘देव’च.

नियम किती दूर नेऊ शकतात याची हद्द आर्मेनियन भाषेत दिसते. तिथे दोनला ‘एर्कु’ म्हणतात. संस्कृत ‘द्वि’, ग्रीक ‘दुओ’ यांच्याशी त्याचा एकही वर्ण धड जुळत नाही. आंत्वान मेये या फ्रेंच पंडिताने दाखवले की मूळच्या ‘द्व’चे आर्मेनियनमध्ये ‘एर्क’ होते, कारण भिण्याचा शब्द आणि लांबीचा शब्द यांतही हाच बदल दिसतो. हा बदल कोणत्या पायऱ्यांनी झाला यावर वाद चालू आहे. ‘एर्कु’ म्हणजे ‘दोन’च, यावर नाही.

इतर भाषांनी ‘द्व’चे काय केले? इंग्रजीने ‘ट्व’ केले. ‘ट्वेल्व्ह’, ‘ट्वेंटी’त ते ऐकू येते, आणि ‘टू’च्या स्पेलिंगमध्ये न उच्चारलेले डब्ल्यू आहे ते याच ‘व’चे. लॅटिनने ‘द’ टाकून ‘ब’ केला: दोनदा म्हणजे ‘बिस’, आणि त्यापासून ‘बायसिकल’मधला ‘बाय’. युद्धाला जुन्या लॅटिनमध्ये ‘दुएल्लुम’ होते, ते ‘बेल्लुम’ झाले. आपल्याकडे ‘दोन’मध्ये ‘द’ राहिला, पण बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस यांत ‘द्व’चा ‘ब’ झाला. पाढे म्हणताना तर मूल दोनला ‘दोन’ म्हणतच नाही, ‘बे’ म्हणते. गुजरातीत दोनचा रोजचा शब्दही ‘बे’च. लॅटिन ‘बि’ आणि मराठी ‘बे’ समोरासमोर ठेवा: मूळ एकच, पण दोघांचे आजचे साम्य त्या मुळातून आलेले नाही. मुळात तिथे ‘ब’ नव्हताच. रोमच्या बाजूला तो एकदा झाला, आपल्या प्राकृतांत कितीतरी शतकांनी पुन्हा झाला, एकमेकांना न विचारता. आणि ‘बे दुणे चार’मधला ‘दुणे’ म्हणजे ‘द्विगुण’: त्यात ‘व’ गेला आणि ‘द’ टिकला.